संगीताबद्दल आपला अभिप्राय

“तोकुमारुसान, तुमच्या संगीताला आज एकाने फ्रीज म्हटलंय,” अभिप्रायपेटीतली चिठ्ठी टेबलावर ठेवत सहकारी ओनुकी म्हणाला.

तोकुमारु इसाओने चष्मा लावला. स्वच्छता, चहा आणि कर्मचाऱ्यांची वागणूक, या तिन्ही रकान्यांत ‘चांगली’वर गोल केलेला होता. शेवटच्या रकान्यात, ‘प्रतीक्षागृहातील संगीताबद्दल आपला अभिप्राय’ या ओळीखाली, कुणीतरी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : ‘संगीत होतं का? मला वाटलं फ्रीज चालू आहे.’

“उत्तर काय लावू?” ओनुकीने विचारलं.

“नेहमीचंच.”

ओनुकीने नेहमीचंच लिहून फळ्यावर लावलं. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपली सूचना पुढील सुधारणेसाठी नोंदवून घेतली आहे.’ किताहामा नगरपालिकेच्या दाहगृहात प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर द्यायचा नियम होता. मागे एका बाईंनी ‘माझे पती परत हवेत’ असं लिहिलं होतं. त्यांनाही हेच उत्तर गेलं होतं.

इसाओने सव्वीस वर्षं इथल्या भट्ट्या सांभाळल्या. साठाव्या वर्षी त्याला फुलांचा गुच्छ देऊन निवृत्त केलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारातून कंत्राटी म्हणून परत घेतलं गेलं. आता त्याच्याकडे प्रतीक्षागृह होतं. आत माणूस जळत असताना बाहेर नातेवाइकांना सव्वा तास बसवून ठेवायचं, एवढंच काम. चहा, बसायच्या गाद्या, चिठ्ठ्या आणि संगीत. संगीत म्हणून पूर्वी बासरीची एक कॅसेट होती. ती इतकी झिजली होती, की वाजवणाऱ्याला दम लागल्यासारखं वाटे आणि नातेवाईक आणखीच घाबरत. तीन वर्षांपूर्वी इसाओने ती काढली आणि स्वतःच्या मुलाची सीडी लावली. हे त्याने ओनुकीलाही सांगितलं नव्हतं.

सीडीचं नाव ‘ओहोटी’. नऊ तुकडे, त्रेपन्न मिनिटं. संथ पियानो आणि त्याच्याबरोबर यंत्रावर केलेलं काहीतरी, असं इसाओला वाटे. रेन्जी शहरात एका कंपनीत खेळांच्या यंत्रांसाठी आवाज बनवायचा. नाणं पडल्याचा, बेडूक चिरडल्याचा. एक दिवस तो घरी आला, वरच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात त्याने ‘ओहोटी’ केली, दोनशे प्रती छापून मागवल्या आणि अकरा विकल्या. त्यांतल्या चार आईने घेतल्या होत्या, वेगवेगळ्या नावांनी.

म्हणजे या जगात ‘ओहोटी’ रोज वाजत होती अशी जागा एकच होती. आणि तिथले श्रोते कुठे उठून जाऊ शकत नव्हते.

संध्याकाळी इसाओ घरी आला, हातपाय धुतले, कोरा कागद घेतला आणि दिवसाचे अभिप्राय सुवाच्य अक्षरात उतरवायला बसला. हा त्याचा आणि बायकोचा, किनुएचा, रोजचा उद्योग. एकाने लिहिलं होतं, ‘संगीत दुसऱ्या फेरीत पाचव्या तुकड्यावर आलं आणि वडील जळून झाले. वेळ छान जुळली.’ इसाओने उतरवलं, ‘पाचव्या तुकड्याशी वेळ छान जुळली.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘इथे पुन्हा यायची वेळ येऊ नये, पण संगीत मनाला लागलं.’ उतरवलं, ‘संगीत मनाला लागलं.’

“हे काय करू?” त्याने तिसरी चिठ्ठी किनुएपुढे सरकवली. ‘सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बंद करा ते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना न विचारता काहीतरी ऐकलं.’

“अख्खं लिहा,” किनुए म्हणाली. “सासू काय, हॉटेलातही येते.”

हॉटेलाची युक्ती तिचीच. रेन्जीला त्यांनी सांगितलं होतं, की समुद्राकाठच्या एका चांगल्या हॉटेलात, खालच्या बैठकीच्या दालनात, त्याची सीडी लावतात. मॅनेजर बाबांच्या ओळखीचा आहे.

“आणि फ्रीजवाली?”

“ती नको.”

पण इसाओ सरकारी माणूस होता. चिठ्ठी वगळणं त्याला जमेना. त्याने तीही उतरवली, वर जाऊन कागद दाराखालून सरकवला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला.

मग दारापलीकडून आवाज आला, “बाबा, हा फ्रीजवाला कोण आहे?”

“असेल कुणीतरी. त्यांचं काय मनावर घेतोस!”

“अहो, तो फ्रीजच आहे. तिसऱ्या तुकड्यात मी आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज घेतलाय. तीन वर्षांत एकाला कळलं!”

“छान,” इसाओ म्हणाला.

“एक विचारू? त्या हॉटेलात लोक इतके रडतात का?”

“महाग आहे.”

“आणि ‘पुन्हा येईन’ असं कुणीच लिहीत नाही.”

“महागच आहे रे.”

“बरं. पण ठोक्यांबद्दल कुणीच कसं बोलत नाही? सगळे पियानो, पियानो. चार महिने मी ठोक्यांवर घालवलेत.”

“लोकांना ठोक्यांतलं काय कळतंय,” इसाओ म्हणाला. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. कुठले ठोके, हेच त्याला माहीत नव्हतं. पण मुलगा दाराआडून सलग पाच-सहा वाक्यं बोलत होता आणि एवढ्या गर्दीत मध्येच प्रश्न विचारणं त्याला बरं वाटलं नाही.

फेब्रुवारीत किनुएच्या स्वादुपिंडात काहीतरी निघालं. डॉक्टरांनी ते पडद्यावर दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “एवढंसंच?” मे महिन्यात ती एवढीशीच उरली.

इस्पितळात तिने इसाओला जवळ बोलावलं. “अहो, माझ्या वेळी ते लावा हं.”

“काय?”

“ओहोटी. घरात त्याने कधी लावू दिलं नाही. आपलीच चार नावांनी घेतलेली सीडी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकदाही ऐकलेली नाही.”

“तुला कसं ऐकू येणार?”

“तुम्हाला काय माहीत? आत जाऊन परत येऊन कुणी सांगितलंय तुम्हाला?”

सव्वीस वर्षांच्या अनुभवावर इसाओला हे मान्य करावं लागलं. “आणि रेन्जी आला तर? त्याला सगळं कळेल.”

“तो येणार नाही,” किनुए म्हणाली. तिने कूस बदलली. “यावा असं वाटतं. पण येणार नाही.”

ती बुधवारी गेली. इसाओने वर जाऊन दाराला सांगितलं. शुक्रवारी सकाळी शववाहिका आली, किनुएच्या दोन्ही बहिणी काळे पोशाख घालून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात जिना वाजला. रेन्जी खाली येत होता. अंगावर नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला सूट होता. सहा वर्षांत सूट तेवढाच राहिला होता आणि रेन्जी अर्धा झाला होता. केस खांद्यापर्यंत. चेहरा तळघरातल्या मुळ्यासारखा पांढरा.

“अगं बाई,” थोरली मावशी म्हणाली, “हा कोण?”

“रेन्जी आहे,” इसाओ म्हणाला.

“मला वाटलं पुजारी आणलाय कुठून तरी.”

रेन्जी कुणाकडे न बघता गाडीत जाऊन बसला. उजेडाने त्याचे डोळे गळत होते. निदान सगळ्यांनी तरी तसंच धरलं.

वाटेत इसाओने एकच विचार केला. संगीत लावलं, तर रेन्जीला आज कळणार, की ज्यांच्या कौतुकावर तो तीन वर्षं दाराआड जगला, ते सगळे मढ्याची वाट बघत बसलेले लोक होते. मग तो वर जाईल आणि दाराशी बोलणंही संपेल. नाही लावलं, तर किनुएने आयुष्यात मागितलेली शेवटची गोष्ट राहून जाईल. मागण्याच्या बाबतीत ती फार कमी खर्चाची बाई होती. गेल्या पस्तीस वर्षांत तिने एक पंखा मागितला होता.

दाहगृहात ओनुकी दारातच कमरेत वाकून उभा होता. किनुएला आत घेतलं, लोखंडी दार लागलं, आणि तो इसाओजवळ येऊन कुजबुजला, “तोकुमारुसान, आज तुम्ही घरची माणसं. चहा मी बघतो. संगीत बंदच ठेवू ना? तुम्हाला रोजचंच ते.”

समोर रेन्जी पायातले बूट काढत होता. नाडीची गाठ त्याला सुटत नव्हती. त्याला सवय राहिली नव्हती.

“लावा,” इसाओ म्हणाला.

प्रतीक्षागृहात सगळे बसले. ओनुकीने चहा दिला. मावश्यांनी तांदळाचे खारे पापड फोडले. पियानोचा पहिला सूर पडला, दुसरा पडला. रेन्जीच्या हातातला पेला तोंडाशी जाता जाता थांबला. तो पहिल्यांदा बशीकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या पाटीकडे, मग अभिप्रायपेटीकडे. पेटीवर तीन वर्षांपूर्वी इसाओनेच, रोज दाराखालून जाणाऱ्या त्याच अक्षरात, लिहिलेला ‘संगीताबद्दल आपला अभिप्राय’ हा कागद चिकटवला होता.

“किती हळुवार वाजवतंय गं,” धाकटी मावशी म्हणाली. “ताईला आवडलं असतं.”

पहिला तुकडा संपला. दुसराही संपला. फ्रीज आला आणि गेला.

“बाबा.”

“हं.”

“हॉटेल हेच का?”

इसाओने मांडीवरच्या हातांकडे बघितलं. “हेच.”

“आईला माहीत होतं?”

“हॉटेल तिनेच काढलं होतं.”

रेन्जी उठला. तो आता बाहेर जाणार, रस्त्याला लागणार, असं इसाओला वाटलं आणि तोही अर्धवट उठला. पण रेन्जी खोलीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन छताकडे मान वर करून उभा राहिला.

“डावा बंद आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“डावा स्पीकर. बंद आहे. पियानो सगळा उजवीकडे आहे, ठोके डावीकडे. तुम्ही तीन वर्षं अर्धीच सीडी लावताय.”

इसाओ खाली बसला. तीन वर्षं, दिवसाला तीन-चार चिठ्ठ्या. सगळं गाव. सगळ्यांचे आईबाप. “कुणी तक्रार केली नाही रे,” तो म्हणाला.

“कोण करणार?” रेन्जी म्हणाला. “सगळे एकदाच येतात.” मग ओनुकीकडे वळून म्हणाला, “शिडी आहे का?”

शिडी होती. मुलाखतीच्या सुटातला रेन्जी वर चढला. दोन्ही मावश्यांनी खालून एकेक पाय धरला, कारण शिडी डुगडुगत होती आणि आजच्या दिवशी आणखी एक नको होता. छताच्या जाळीमागे एक तार निसटलेली होती. सातवा तुकडा मध्यावर आला होता. रेन्जीने तार लावली.

ठोके आले. खोल, जड, सावकाश. प्रत्येक ठोक्याबरोबर चहाच्या पेल्यांत वर्तुळं उमटत होती. कुणीतरी आतल्या बाजूने लोखंडी दारावर मूठ आपटत असावं, तसे.

“अरे देवा!” थोरल्या मावशीने शिडीचा पाय सोडला. “ताई!”

ओनुकी हातातली किटली टाकून भट्टीकडे पळाला. धाकटी मावशी तोंडावर पदर धरावा तसा रुमाल दाबून रडायला लागली. इसाओ जागचा हलला नाही. आतून आवाज येत नसतो, हे त्याला सव्वीस वर्षं माहीत होतं. तरी त्याने दाराकडे बघितलं.

शिडीवर रेन्जी डोळे मिटून ऐकत होता. चार महिन्यांचं काम त्याने आठ-दहा ठोके ऐकलं. मग हात वर केला आणि तार पुन्हा काढली.

पियानो एकटाच राहिला.

“असंच बरं आहे,” तो शिडी उतरत म्हणाला. “चिठ्ठीवाल्यांचं बरोबर होतं.”

ओनुकी धापा टाकत परत आला. “सगळं ठीक आहे,” तो म्हणाला, आणि या वाक्याला आज फारसा अर्थ नाही हे लक्षात येऊन पुन्हा कमरेत वाकला. नववा तुकडा संपला तेव्हा ओनुकीने आज सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली नाही. उरलेली वीस मिनिटं कशाचाच आवाज नव्हता.

अस्थी वेचायला दोघादोघांनी उभं राहायचं असतं. दोघांनी लांब काड्यांनी एकच हाड उचलायचं आणि कलशात ठेवायचं. पायापासून सुरुवात, वर गळ्यापर्यंत. ओनुकी सांगत होता आणि इसाओ सवयीने त्याच्या अर्धा क्षण आधी सांगत होता, तेव्हा ओनुकीने अदबीने म्हटलं, “तोकुमारुसान, आज माझ्याकडे राहू द्या.” इसाओने काड्या हातात घेतल्या. समोर रेन्जी उभा होता. बापलेकांनी एक हाड उचललं. इतक्या जवळून इसाओने त्याचे हात सहा वर्षांत पाहिले नव्हते. नखं नीट कापलेली होती.

घरी आल्यावर रेन्जी अस्थिकलश उचलून सरळ वर गेला. आतून कडी लागली.

एकोणपन्नास दिवस कलश घरात ठेवायचा असतो आणि रोज समोर उदबत्ती लावायची असते. मावश्या म्हणाल्या, हे काही बरोबर नाही, देव्हारा खाली मांडलाय, फोटो खाली, आणि ताई वर. इसाओ म्हणाला, बघू. त्या गेल्यावर त्याने उदबत्तीचं भांडं आणि छोटी घंटा उचलली आणि जिना चढला. दाराशी, लाकडी फरशीवर, मांडी घालून बसला. उदबत्ती लावली. घंटा एकदा वाजवली.

धूर दारावर जाऊन आपटत होता आणि परत त्याच्याच तोंडावर येत होता. इसाओने हात जोडले. डोळे चुरचुरायला लागले, तरी तो तसाच बसला.

पाचेक मिनिटांनी कडी निघाली. दार चार बोटं उघडलं आणि तिथेच थांबलं.

धूर आत जायला लागला. इसाओने भांडं थोडं पुढे सरकवलं आणि स्वतः बाहेर बसून राहिला.