जाळीवरची माळ

एकसष्ट साली आमच्या ह्यांनी मुंबईची गोदीतली नोकरी सोडली आणि मालवणला येताना एक जुनी मोटार घेऊन आले. कुडाळच्या शिवा मेस्त्रीने ह्यांना सकाळचे नेम शिकवले. रेडिएटरात पाणी, कांडी काढून तेल बघणं, चाकांत हवा. मी तुळशीला पाणी घालत असायची तेव्हा हे अंगणात बॉनेट उघडून माझ्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीने ती कांडी पुसत उभे. देवघरात ह्यांनी जन्मात एक वात लावली नाही.

दसऱ्याला मीही एक नेम धरला. ह्यांचं चालवणं बघून धरला, खोटं कशाला सांगू? वर्षभर रोज मोटारीच्या पुढच्या जाळीवर फुलांची पाचपदरी माळ घालायची आणि रामेश्वराकडे मागायचं, गेले तसे परत येऊ देत. माळ घातल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही.

माघातल्या एका सोमवारी आम्ही पिंगुळीला निघालो. आमची आनंदी तिथे दिलेली. सात वर्षांनी तिला दिवस राहिले होते आणि त्या दिवशी तिची ओटी होती, बाराच्या आत. विहीणबाई हौसाबाईंनी आनंदीच्या आईला म्हणून निरोप धाडला होता, “आवशीन वेळेर येवचा, नायतर आमीच भरतलों.” सात वर्षं त्या बाईचं बोलणं माझ्या मुलीने एकटीने ऐकलं होतं. ओटीला तरी मी आनंदीसमोर असायलाच हवं होतं.

कसालच्या अलीकडच्या चढावर बॉनेटखालून भस्सकन वाफ आली आणि मोटार थांबली. दहा वाजून गेले होते.

“पाणी घातलास?”

“घातलंय गो, काठोकाठ.”

“तेल?”

“बघलंय.”

“मगे?”

ह्यांनी पंचा गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. “आदी थंड होवंदे,” मी म्हटलं. मग हे मैलाच्या दगडावर बसले. मी जप धरला, पण प्रत्येक मण्याला नजर ह्यांच्या घड्याळाकडे जात होती.

तेवढ्यात पेंढ्याची गाडी घेऊन कसालचा ओळखीचा महादू आला. बैल थांबवून त्याने मोटार पुढून न्याहाळली.

“वयनीनू, हिच्या नाकात एवढी फुला भरल्यार वारो जातलो खंयसून?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काजीच्या झाडांकडे बघत होते.

“शिवान सांगलेला तुमका?”

“सांगलेला.”

“कदी?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“मगे चार म्हयने मोटार चलली कशी?”

“वळणार गेलंय की माळ काढून ठेवी. येताना परत घाली.” ह्यांचा आवाज अगदी खाली गेला. “आज तू शेजारी बसलेली.”

महादू मोठ्याने हसला. मला हसू येईना.

“माका सांगूक काय झाला?”

“तुझो नेम. कसो मोडू?”

मी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. “तुमका बोलूचा नाय, म्हणान आता माझ्या चेडवाची ओटी तिची सासू भरतली,” एवढंच म्हटलं. हे उठून उभे राहिले.

माळ मी पदरात घेतली, पायदळी नको म्हणून काजीच्या फांदीला अडकवली. जाळीमागे रेडिएटरच्या बारीक फटींत सुकलेल्या पाकळ्या रुतून बसल्या होत्या. अंबाड्यातला आकडा काढून मी एकेक उपसायला बसले. माझ्या हाताने घातलेली फुलं, मीच काढायची. हातांना वंगण, धूळ, काय काय लागलं.

मोटार निवली. आता पाणी. जवळ होता तो माझा मोठा फिरकीचा तांब्या. सोमवारी मी स्वतः शेंदलेलं घरचं पाणीच पिते. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, मागितला मात्र नाही. ह्याचाच मला जास्त राग आला.

“धरा,” मी म्हटलं. “हळूहळू ओता.”

ते पाणी कसालच्या विहिरीपर्यंत पुरलं. तिथे काठोकाठ भरून घेतलं.

पिंगुळीला पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. हौसाबाई सूप घेऊन उभ्याच होत्या. त्यांची नजर माझ्या हातांवर गेली.

“विहीणबाई, ओटी भरूक इलास काय मोटार दुरुस्त करूक?”

“दोनय,” मी म्हटलं आणि त्यांच्या हातातलं सूप घेतलं.

विहिरीवर राखेने घासूनही नखं काळीच राहिली होती. खणावर अंगठ्याचा डाग उमटला. हौसाबाई काही बोलायच्या आत आनंदीने डाग आत जाईल अशी घडी घातली आणि पोट धरून हसली. सात वर्षांत त्या घरात ती अशी हसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

घरचं पाणी मोटारीला गेल्याने दिवसभर घोट घेतला नव्हता, परतताना घसा कोरडा पडला होता. ओरोस आलं. मग विचारलं, “आणखी काय काय सांगूक नाय तुमी माका?”

ह्यांनी मोटार बाजूला घेतली आणि उतरले.

“काय झाला?”

“पाणी बघतंय जरा.”

पाणी तर पिंगुळीहून निघतानाच बघितलं होतं. हे बॉनेटच्या मागे बराच वेळ उभे होते.