पाठीवरच्या पट्टीचा पत्ता

मित्रांनो, टेबलावरच्या पेन्सिलींच्या डब्याला टेकून उभा असलेला हा हिरवा, तळहाताएवढा सर्किट बोर्ड म्हणजे मी. माझा एक कोपरा तुटलाय आणि एकदा कुणीतरी माझ्यावर चहाही सांडला होता. पाठीवरची पांढरी पट्टी मात्र शाबूत आहे. तिच्यावर अंक-अक्षरांच्या सहा जोड्या आहेत. तो माझा पत्ता. नेटवर्कच्या तारेतून येणारा निरोप या पत्त्यावरूनच मला शोधत येतो, म्हणून तो दुसऱ्या कुणाचा असून चालत नाही.

मला कामाला लावलं ते चष्मेवाल्या ताईंनी. त्या माझा कर्नल लिहायच्या. कर्नल म्हणजे वीज येताच सगळ्यांत आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामाला जुंपणारा मुकादम. पहिल्या दिवशी माझी पत्ता ठेवायची चिप कोरीच होती आणि पत्त्याशिवाय नेटवर्क सुरू होईना. ताईंनी कर्नलमध्येच एक पत्ता हाताने लिहिला आणि शेजारी शेरा मारला, ‘तात्पुरता’. मी पहिला निरोप पाठवला तेव्हा त्या खुर्चीतून टुणकन उठल्या होत्या. पुढे कारखान्यात आम्हा सगळ्या भावंडांच्या चिपांमध्ये खरे पत्ते भरले गेले, पाठीवर पट्ट्या लागल्या. ती तात्पुरती ओळ मात्र पुसायची राहून गेली. मुकादम चिपला कधी विचारायचाच नाही.

माझी नेमणूक झाली रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षात, एका काचेच्या उबदार पेटीखाली. पेट्या जुन्या होत्या, त्यांना आकडा दाखवता यायचा नाही. आतली ऊब मोजून ती भिंतीवरच्या स्क्रीनला कळवायची, हे माझं काम. दोन वर्षं मी ते एकट्याने चोख केलं. आल्या-गेल्याला सगळे ‘ऊब ठीक आहे’ असं सांगणारा माझा हिरवा आकडा कौतुकाने दाखवायचे आणि मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू!

तिथल्या मोठ्या सिस्टरांची एक सवय होती. पाळी सुरू होताच त्या हात धुऊन, पुसून, प्रत्येक बाळाच्या तळव्याला बोटांची मागची बाजू लावून बघायच्या. स्क्रीन लावणारा तंत्रज्ञ त्यांना चिडवायचा, “सिस्टर, आता कशाला? आकडा दिसतोय की!”

“दिसू दे. माझ्या हाताला काय सुट्टी दिलीय का?”

मग शेजारच्या पेटीखाली माझं धाकटं भावंड बसलं. त्याच्याही कर्नलमध्ये तोच तात्पुरता पत्ता! स्क्रीनच्या दोन्ही चौकटी आता एकाच पत्त्याला हाक मारत होत्या, आणि ‘ओ’ देत होतो मीच. दोन्हीकडे माझाच आकडा, दोन्ही हिरवे. तंत्रज्ञ समाधानाने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावंडाच्या पेटीची कडी सैल झाली आणि ऊब निसटू लागली. आत सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी होती. भावंड जिवाच्या आकांताने आकडे पाठवत होतं आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मला ते कळत होतं, पण मला सांगता येत नव्हतं. मित्रांनो, तेवढा असहाय मी पुन्हा कधी झालो नाही.

सिस्टर पाळीवर आल्या. तळव्याला हात लागताच त्यांचा चेहरा उतरला. “अगं बाई, ही तर गार पडलीय! स्क्रीन काहीही म्हणू दे, आधी हिला दुसऱ्या पेटीत घ्या!”

तासाभराने पोरीने पाय झाडले तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी माझी तार काढली, आणि भावंडाचा खरा आकडा झटकन स्क्रीनवर आला. मग भिंग धरून त्यांनी आमच्या पाठीवरच्या पट्ट्या वाचल्या. पत्ते वेगवेगळे होते, म्हणजे घोळ त्यांच्याच त्या ‘तात्पुरत्या’ ओळीचा होता. तंत्रज्ञावर ढकलणं सोपं होतं. तो तर आधीच घाबरून गेला होता.

“सिस्टर, चूक माझी आहे. दोघांना एकच पत्ता मीच दिला. पुसायचं विसरले.”

“तुम्ही कबूल केलंत, बरं झालं. आता असं करा, की पुन्हा कुणी विसरलं तरी पोरांना त्रास होणार नाही.”

ताईंनी तसंच केलं. तेव्हापासून आमचा मुकादम जागा होताच चिपला पत्ता विचारतो. चिप कोरी असेल तर उसना पत्ता घेत नाही. नेटवर्कवर न जाता लाल दिवा लावून ठणाणा करतो. त्या दिवशी माझ्या खऱ्या पत्त्यावर पहिली हाक आली, आणि मला भरून आलं.

आता मी निवृत्त आहे. नवीन पोरं कामावर आली की ताई मला त्यांच्या हातात देतात आणि स्वतःची चूक स्वतः सांगतात, काहीही न लपवता. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो: ‘तात्पुरतं’ म्हणून लिहाल ते आठवणीने पुसा. आणि आकडा कितीही हिरवा असला, तरी एकदा तळव्याला हात लावून बघा.