आली म्हटल्याशिवाय

मोठी काच दोघांनी उचलायची असते. एक जण खालून देतो, दुसरा शिडीच्या घोड्यावर उभा राहून वरून घेतो. देताना नजर काचेच्या कडेवर ठेवावी लागते, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सोय नसते. म्हणून आमच्या दुकानात एक नियम होता. घेणाऱ्याने "आली" म्हटल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडायचा नाही. दिली म्हणजे पोचली असं धरून चालायचं नाही. या एका शब्दावर आमचे हे आणि त्यांचा जोडीदार यांनी काचा बसवण्यात उभा जन्म काढला. जोडीदाराला सगळे सावकाश म्हणायचे, कारण काच उचलल्यापासून "आली" म्हणेपर्यंत त्याच्या तोंडात तेवढाच एक शब्द असायचा. मी त्यांना सावकाशभाऊजी म्हणते.

एके दिवशी भाऊजींनी यांना सांगितलं, आता दुसरा माणूस बघ, माझी पाठ धरते. हे घरी येऊन म्हणाले, वय झालं त्याचं, आणि ताटावर बसले. पण दुसऱ्याच दिवशी मी भाऊजींना गॅसची टाकी खांद्यावर टाकून जिना चढताना पाहिलं. काचेपुरतीच धरणारी पाठ मी कधी ऐकली नव्हती. भांडण म्हणावं, तर दोघं रस्त्यात भेटले की एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहत. मग झालं काय? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

तशात बेकरीच्या दर्शनी भागाची काच शुक्रवारी बसवायची होती. दरवाजापेक्षा उंच. यांच्या हाताला हात लावून ती उचलेल असा दुसरा कोणी आमच्या माहितीत नव्हता. हे म्हणाले, नाही जमलं तर दुकानच आवरतं घेऊ. बोलले सहज, पण त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं तरी त्यांना कळलं नाही.

मी भाऊजींच्या घरी गेले. ते खुर्चीचा मोडका पाय जोडत बसले होते. पाठीची चौकशी केली तर म्हणाले, बरी आहे. मग काचेला का येत नाही, तर म्हणाले, दुखते. मी म्हटलं, भाऊजी, एक काहीतरी ठरवा. तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"वहिनी, घरी जा आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून त्याला हाक मारा."

"काय म्हणू?"

"काहीही म्हणा. शिव्या घातल्या तरी चालतील. एरवी संधी मिळत नाही ना."

घरी आले तेव्हा हे माझ्याकडे पाठ करून आरशाची कड दगडाने घासत होते. मी दारातून म्हटलं, अहो. काही नाही. म्हटलं, तुमची बहीण महिनाभर राहायला येतेय. यावर तरी दगड हातातून पडायला हवा होता. पडला नाही. शेवटी चांगल्या स्पष्ट आवाजात गाढव म्हणून पाहिलं. कड घासणं चालूच. वर्षभरातल्या गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या. मुलीचा फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्याकडे द्यायचे. मी समजत होते, बापलेकीचं काहीतरी बिनसलंय. मी काही सांगितलं की मान डोलवायचे आणि करायचे भलतंच. मी समजत होते, नवऱ्याची जात.

त्यांनी वळून पाहिलं. डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे.

"काही म्हणालीस?"

काही नाही, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मनात आलं, भाऊजी काही नाही म्हणतात, हे काही नाही म्हणतात, मीही तेच म्हटलं तर काच पडेल कुणाच्या तरी अंगावर. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"सगळं येतं."

मी म्हटलं, मघाशी मागून तुम्हाला गाढव म्हटलं, तेही? तेव्हा त्यांनी दगड पाण्यात टाकला. म्हणाले, मागून येत नाही, गडबडीत येत नाही. भाऊजींचं "आली" तर कधीचं ऐकू येत नव्हतं. हाताला भार हलका लागला की अंदाजाने सोडायचे. एकदा अंदाज चुकला. भाऊजींनी काच गुडघ्यावर झेलली. भाऊजी काही बोलले नाहीत, म्हणून यांनीही विषय काढला नाही. भाऊजींना वाटलं, याला वाईट वाटेल. यांना वाटलं, त्याला कळलेलं नाही.

मला एक कुतूहल वाटलं. "आली" हे तोंडानेच सांगायला पाहिजे का? मी त्यांचा तळवा आरशाच्या एका टोकाला टेकवला आणि दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"पुन्हा ठोक," म्हणाले.

मी हा निरोप घेऊन भाऊजींकडे निघणार होते, पण त्यांनीच चपला घातल्या. भाऊजींच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, गुडघ्याचंही, काचेवर दोनदा ठोकण्याचंही. कान तपासून घेणार आहे, तेही सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं.

"एवढं बोलायला वर्ष घातलंस," ते म्हणाले, "आणि लोक मला सावकाश म्हणतात."

शुक्रवारी मीही बेकरीसमोर जाऊन उभी राहिले. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, भट्टीचा पंखा घरघरत होता. भाऊजी घोड्यावर चढले. यांनी खालून काच सरकवत नेली, नजर कडेवर. काच चौकटीत टेकली. भाऊजींच्या बोटाने काचेवर दोनदा ठोकलं, ते मला लांबूनही दिसलं. पण यांनी हात सोडले नाहीत. बेकरीवाली पिठाचे हात तसेच धरून बघत होती. यांनी मान वर केली आणि भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"आली का?"

"आली म्हणून तर ठोकलं," भाऊजी म्हणाले. "सोड आता, नाहीतर उद्या खरंच पाठ धरेल माझी."

मग यांनी एकेक बोट उचललं.