पोखर्णीपर्यंतची ऊब

"बघ तुझ्या बायकोचे गुण! पदर कमरंला खोचून बोनेटात डोकं घातलंय. मोंढ्याच्या बाजारातली माणसं जायलीत, यायलीत, तिला काय त्याचं!"

गंगम्मा ओट्यावरून बोलली ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. लिंगराज मान खाली घालून टायरची हवा बघत राहिला. या घरात बोलायचं काम गंगम्मानं एकटीनं उचललं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला झेपेल असं तिला वाटत नव्हतं.

महानंदेनं, तिच्या सुनेनं, डोकं बाहेर काढलं नाही. आतूनच म्हणाली, "नळी फाटलीय, आत्याबाई. इंजनाचं गरम पाणी हिच्यातून हीटरच्या जाळीत जातं. बांधली की ऊब येईल."

"बापानं शिकवलं वाटतं! आमाला सून पायजे व्हती, मिस्तरी न्हाई."

बाप राणीसावरगावात शेतातली इंजनं दुरुस्त करायचा. त्याचं एक अंग लुळं पडल्याचा निरोप आला होता, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनापायी एस.टी. बंद होती. गंगम्माला मात्र मोटारीनं गंगाखेडला बहिणीकडे बारशाला जायचं होतं. तिथून राणीसावरगाव लांब नाही. आदल्या संध्याकाळी महानंदेनं भीत भीत विचारलं, तेव्हा गंगम्मा म्हणाली, "हीटर चालला तर चल. गारठ्यात माझा दमा उसळला तर तुझा बाप येणार हाय का निस्तरायला?"

मोटार सासऱ्यानं हैदराबादच्या कुणा साहेबाकडून घेतलेली. तिचा हीटर कैक हिवाळे मेलेला होता. म्हणून तर ती अट.

महानंदेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून नळीवर गुंडाळली, वरून तार पिळली. जाळीही झिरपत होती. बापाची रीत आठवून तिनं मूठभर हळद आणली आणि रेडिएटरात सोडली. गाडी सुरू झाली, हळदीचं पाणी फिरलं तसे जाळीचे थेंब थांबले. इंजन जरा तापलं, आणि गंगम्माच्या पायांवर गरम वारा आला. तिनं पाय आणखी पुढे केले.

"हळद आमच्या डब्यातली हाय, इसरू नको," एवढंच ती बोलली.

महानंदा मागे बसली. मांडीवर बापाला चोळायला लसणाचं तेल. वाटेत गंगम्मानं तिच्या माहेरच्या घराचं, चहाचं, जावयाला दिलेल्या आहेराचं सगळं उणं काढलं. महानंदा हूं हूं करत राहिली. तिचं लक्ष गाडीच्या आवाजाकडे होतं.

पोखर्णी गावाच्या अलीकडे हीटरचा वारा गार पडला.

"थांबीव रे. झाली हिची कारागिरी."

महानंदा उडी टाकूनच उतरली. हळद जाळीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली होती. शेतातल्या इंजनांना हीटर कुठे असतात, बापाला तरी हे कसं ठाऊक असणार! तिनं जाळीला जोडलेल्या दोन्ही रबरी नळ्या उपसल्या आणि निवायची वाट न बघता जाळीच्या एका तोंडाला ओठ लावून फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. पलीकडून पिवळा गाळ भसकन बाहेर पडला आणि अलीकडून वाफ तिच्या तोंडावर आली.

"आगं, भाजशील!" लिंगराज म्हणाला. मग आईनं बघितलं तसा टायरकडे वळला.

रस्त्याकडच्या हॉटेलातून बादली आणून तिनं पाणी भरलं, नळ्या बसवल्या. गाडी तापली तसा वारा आला, पहिल्यापेक्षा जास्त.

"आला! आत्याबाई, आला बघा!" ओठ टरारून फुगलेला, आणि महानंदा हसत होती. लग्न होऊन आल्यापासून गंगम्मानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं ते नीट बघून घेतलं.

"लिंगराज, घराकडं फिरीव गाडी."

"माय, आन् बारसं?"

"माझ्याबिगर व्हतंय."

"आत्याबाई, हीटर चालायलाय की," महानंदा म्हणाली. "तुमीच बोलला व्हता..."

गंगम्मा मागे वळली. पाय मात्र गरम वाऱ्यातच ठेवले.

"बोलले व्हते. चालायलाय, न्हाई कोण म्हंतंय? म्हनूनच धाडायची न्हाई. तुझा बाप आंथरुणात, गावची इंजनं बंद. असले गुणाचे हात त्याच्या दारात नेऊन सोडले, तर परत देईल व्हय तो? रडू नको, फोड चिघळंल. बाप कुणाचा बी मरतो. आमच्या गाडीला तुझ्याबिगर कोण हाय?"