मिओद्राग एकटाच सासुरवाडीला गेला

मिओद्रागला सणासाठी सासूच्या गावी जायचं नव्हतं. त्यामुळे रविवारी सकाळी थंडीनं गाडी सुरूच होईना, तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

"बॅटरी गेली," तो बायकोला म्हणाला. "काय करणार? आईंना फोन करून कळव."

ल्युबिंकानं फोन केला नाही, आम्हा शेजाऱ्यांना हाका मारल्या. मिओद्राग नाइलाजानं स्टिअरिंगवर बसला, आम्ही मागून रेटू लागलो. ल्युबिंकानंही नवा कोट सावरत हात लावला. चर्चच्या उतारावर इंजिन एकदम धडधडलं.

"थांबवू नकोस रे! पुन्हा बंद पडेल!" आम्ही ओरडलो.

त्यानं ऐकलं. चौकाला वळसा घालून आला आणि काच खाली करून म्हणाला, "अगं, उडी मार आत!"

"या वयात? हाडं कोण गोळा करणार माझी? तू हो पुढे, मी बसनं येते!"

रविवारी तिकडे बस जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गाडी पुन्हा बंद पडली होती. मोरावा नदीकाठचं ते गाव तळहातासारखं सपाट, आणि राकिया पिऊन पाहुण्यांत गाडी रेटायचं त्राण उरलं नव्हतं. जावई पहिल्यांदाच मुक्कामाला राहतोय म्हणून सासूबाई आनंदानं रडत होत्या.

"राहा की निवांत," ल्युबिंका म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि आमचे पेले पुन्हा भरले.