कोर्टासाठी केलेली दाढी

उस्तादच्या हातात जादू आहे असं सगळी गल्ली म्हणायची, आणि उस्तादला ते मनापासून पटलेलं होतं. मुरुमांनी भरलेला नवरदेवसुद्धा त्याच्या खुर्चीतून उठला की फोटोत राजबिंडा दिसायचा. पोलीस ठाण्यातल्या साहेबांची दाढीही तोच करायचा. म्हणून तर भाच्याला कारखान्याच्या दारातून उचलून नेलं तेव्हा तो छाती ठोकून बहिणीला म्हणाला, "अगं, ठाण्यात आपली ओळख आहे. संध्याकाळपर्यंत येईल घरी."

कसली ओळख आणि कसलं काय! जास्तीच्या पाळीविरुद्ध कामगार गोळा केले, एवढाच भाच्याचा गुन्हा. पण ठाण्यात जो तो कानावर हात ठेवी, असा कुणी आमच्याकडे नाहीच म्हणे. उस्तादनं साहेबांच्या गालावर वस्तरा फिरवता फिरवता विषय काढून पाहिला. साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "सांभाळून हं, कापेल." भावाची ओळख किती खोल आहे ते बहिणीला कळून चुकलं आणि तिनं एक वकीलबाई गाठली. बाई खमकी निघाली. तिनं वरच्या कोर्टात अर्ज ठोकला, आणि कोर्टानं हुकूम सोडला की त्या मुलाला उद्या आमच्यापुढे उभं करा.

मग काय, नसलेला माणूस एका दमात सापडला. सकाळी उजाडताच उस्तादला बोलावणं आलं.

"या मामा," साहेबांच्या तोंडात आज साखर होती. "भाचा तुमचाच आहे. जज्जसाहेबांपुढे जरा बरा दिसायला नको का?"

उस्तादचा ऊर भरून आला. पोलिसांतही माणुसकी उरलीय म्हणायची, असं वाटलं त्या शहाण्याला! पेटी घेऊन तो आतल्या खोलीत गेला. भाचा बाकावर बसला होता. वाढलेल्या दाढीखाली जबडा सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं, कानामागं वाळलेलं रक्त. उस्तादनं पेटी उघडून गरम पाणी मागवलं.

"मामा, राहू दे," भाचा हळूच म्हणाला. "असाच जाऊ दे मला."

"वेडा का तू? असा गेलास तर गुंड समजतील. माणसाची पहिली नजर तोंडावर जाते बाबा."

"म्हणूनच सांगतोय."

दारातला हवालदार खाकरला. भाच्यानं मान वर केली, दाढीसाठी.

उस्तादनं गरम पाण्यानं रक्त पुसलं. सुजेला धक्का न लावता वस्तरा फिरवला. मग नवरदेवांसाठी राखलेली डबी उघडली. निळ्यावर आधी नारिंगी हात, त्यावर कातडीच्या रंगाचा लेप, वर पावडर. इतका जीव ओतून त्यानं कधी काम केलं नव्हतं. आरसा धरला तेव्हा भाच्यानं त्यात पाहिलंच नाही.

कोर्टात भाच्याला आणलं, आणि वकीलबाई त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच अडखळली. तरी ती म्हणाली, "साहेब, याला कोठडीत मारहाण झालीय."

"हो साहेब," भाचा म्हणाला. "मला मारलं. रोज मारलं."

जज्ज काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा पुसला, पुढे वाकून नीट पाहिलं. "मला तर साधा ओरखडाही दिसत नाही."

सरकारी वकील लगेच उठले. "सरकारी डॉक्टरांचाही तसाच दाखला आहे, साहेब. शिवाय आज सकाळी याच्या सख्ख्या मामाला बोलावून याची दाढी करवलीय. छळ करणारे लोक एवढं करतील का?"

तेव्हा कुठे उस्तादच्या डोक्यात प्रकाश पडला. तो ताडकन उठला. "साहेब, ते मी झाकलंय. ओला टॉवेल द्या, आत्ता पुसून दाखवतो."

"हे कोण?"

"मामा आहेत. दाढी करणारे," कुणीतरी सांगितलं, आणि मागच्या बाकावर हशा पिकला.

जज्ज हसला नाही. "खाली बसा. इथे तमाशा चालणार नाही. जे काय म्हणायचंय ते वकिलांमार्फत शपथेवर लिहून द्या. सरकार त्यावर उत्तर देईल. पंधरवड्यानं ऐकू. तोपर्यंत कोठडी कायम."

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी उस्तादच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या तारखेला तुम्हाला त्रास नाही देणार, मामा. तोवर आपोआप निवळेल."

ते उस्तादला कुणी सांगायला नको होतं. निळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं पिवळं, आणि मग काही उरत नाही.

भाच्याला समोरून नेताना बहिणीनं हात पुढे करून त्याचा गाल कुरवाळला. लेप निघाला आणि खालचं निळं उघडं पडलं. वकीलबाई तशीच वळून दाराकडे धावली, पण शिपायानं आडवा हात घातला. "आत दुसरं प्रकरण सुरू झालंय, बाई."

भाच्याला गाडीत घातलं. बहीण आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग ती भावाजवळ आली आणि ती बोटं तिनं त्याच्या सदऱ्याला पुसली, सावकाश, एकेक करून.

"दादा, हात छान आहे तुझा," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.