पिवळ्या बिल्ल्याच्या मेंढ्या

पूनम मेटकरीला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद तिच्या चुलतीला झाला. गोजाबाईला ती शिष्यवृत्ती नेमकी कशाची ते कळलं नव्हतं. पण सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या साठ-सत्तर पोरांतून आठ निवडली आणि त्यांत आपली पूनी आहे, एवढं तिला पुरेसं होतं. शेजारच्या वस्तीवर जाऊन तिनं दोन घरी ते सांगितलंही.

निवडलेल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळायचे. वर्षभर एका विषयावर काम करायचं, डिसेंबरात पोस्टर लावून ते मांडायचं, आणि काम चांगलं झालं तर उन्हाळ्यात दोन महिने पुण्याच्या एका संशोधन संस्थेत इंटर्नशिप. पूनमला प्राणिशास्त्राच्या हिरेमठ मॅडम मिळाल्या. पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, "तुझ्या घरी मेंढ्या आहेत ना? मग दुसरं काय शोधतेस?"

मेंढ्या पूनमच्या घरी नव्हत्या, काकाच्या घरी होत्या. वडील सिद्धेश्वर मंगळवेढ्यात रिक्षा चालवायचे. त्यांनी मेंढरं सोडून दहा वर्षं झाली होती. बिरप्पाकाकानं मात्र सोडली नव्हती. मंगळवेढ्याच्या पुढं, रस्ता संपून माळ सुरू होतो तिथं मेटकरी वस्तीवर त्याचा साठेक मेंढ्यांचा कळप होता.

प्रयोग साधा होता. पावसाळ्यात ओल्या गवतातून मेंढ्यांच्या पोटात जंत जातात, ते रक्त पितात आणि मेंढी आतून पांढरी पडत जाते. चोवीस मेंढ्या निवडायच्या. बारांच्या कानात निळा बिल्ला, त्यांना जंताचं औषध. बारांच्या कानात पिवळा बिल्ला, त्यांना औषध नाही. दर पंधरा दिवसांनी लेंड्या गोळा करून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची, वजन करायचं, आणि डोळ्याची खालची पापणी उलटी करून तिचा रंग एका रंगीत पट्टीशी ताडून एक ते पाच आकडा लिहायचा. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे कागदासारखी पांढरी.

"चार किंवा पाच आला की ती मेंढी प्रयोगातून बाहेर," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्याच जागी, त्याच क्षणी औषध पाजायचं. तुझं औषध पिशवीत असलंच पाहिजे. आणि हा कागद मालकाला वाचून दाखवायचा. निम्म्यांना औषध मिळणार नाही, हे त्यांना समजलं पाहिजे. समजलं, तरच सही."

कागद मराठीतच होता, एक पानभर. पूनम तो घेऊन वस्तीवर गेली तेव्हा काका बाजेवर बसून दोर वळत होता. एसटीत तिनं वाक्यं जुळवली होती. पण काकाच्या समोर आल्यावर तिला वाटलं, हा नाहीच म्हणेल. निम्म्यांना औषध द्यायचं नाही हे ऐकल्यावर कोणता मेंढपाळ हो म्हणेल? आणि काका नाही म्हणाला तर दुसरा कळप कुठून आणायचा? संस्कृतीचं, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं, हिप्परगा तलावाच्या पाण्याचं काम केव्हाच सुरू झालं होतं.

"काय हाय ह्यात?" काकानं विचारलं.

"कॉलेजचा कागद हाय. चोवीस मेंढ्यांना औषध पाजायचं आनि मोजमाप घ्यायचं, त्याची परवानगी."

"सगळ्यांना पाजनार?"

"व्हय," पूनम म्हणाली.

काकाला सहीपुरतीच अक्षरं येत होती. त्यानं सही केली. त्या दिवशी तिनं निळ्या बिल्ल्यांना औषध पाजलं आणि पिवळ्या बिल्ल्यांना त्याच बाटलीसारख्या दुसऱ्या बाटलीतून साधं पाणी पाजलं. एकेक मेंढी गोजाबाई धरून देत होती. "गप गं, डॉक्टरीन हाय ती," असं म्हणत त्यांची तोंडं उघडत होती.

पिवळ्या बिल्ल्यांत काजळी होती. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली ही मेंढी आई मेल्यावर गोजाबाईनं बाटलीनं वाढवली होती. ती कळपात कमी आणि गोजाबाईच्या मागं जास्त असायची. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, त्यात काजळीची चिठ्ठी पिवळ्यात निघाली. पूनमच्या मनात एकदा आलं होतं, की बदलावी. पण तसं केलं तर प्रयोग खोटा होतो, असं मॅडमनी शिकवलं होतं. म्हणून तिनं बदलली नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस बरा झाला. आकडे यायला लागले. पिवळ्यांची अंडी वाढत होती, निळ्यांची तळाला होती. एक पिवळी मेंढी काकानं बाजारात विकली. दुसरीची पापणी चार झाली, तेव्हा पूनमनं नियमाप्रमाणे तिला औषध पाजून बाहेर काढली. वहीत तशी नोंद केली. मॅडम म्हणाल्या, "ठीक केलंस. पण आता दहाच उरल्या. याहून कमी झाल्या तर ठामपणे काही सांगता येणार नाही. बघू."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. पूनमच्या डोक्यात दहा हा आकडा बसला.

सप्टेंबरच्या मध्याला ती गेली, तेव्हा वस्तीखालच्या तळ्याकाठी गुडघाभर गवत होतं. मेंढ्या तपासता तपासता काजळीची पाळी आली. पूनमनं अंगठ्यानं पापणी खाली ओढली. रंग फिकट होता. पट्टीवरच्या चारशी अगदी जुळत होता. तिनं पट्टी उन्हात धरली, मग सावलीत धरली. सावलीत तो तीनसारखा दिसतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"कशी हाय माझी?" गोजाबाईनं विचारलं. "जरा मागं मागं ऱ्हातीया आलीकडं."

"बरी हाय की," पूनम म्हणाली आणि वहीत तीन लिहिलं.

औषधाची बाटली पिशवीतच होती. परतीच्या एसटीत पिशवी तिच्या मांडीवर होती. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, पुढच्या वेळी पाजू, असा विचार करत ती सोलापूरला पोचली. नंतर तिनं कितीदा तरी हिशेब केला, की अर्ध्या वाटेत उतरून उलटी गाडी धरली असती तरी अंधार पडायच्या आत वस्तीवर पोचली असती.

बाराव्या दिवशी वडिलांचा फोन आला. काजळी मेली होती. दोन दिवस तिच्या जबड्याखाली सूज होती, तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. गोजाबाई जेवत नाही म्हणाले.

पूनमनं वहीत लिहिलं, "एक मृत्यू. कारण अनिश्चित."

मॅडमनी विचारलं, "शेवटची पापणी किती होती?"

"तीन."

"तीनवरून बारा दिवसांत?" मॅडमनी भुवया उंचावल्या. मग म्हणाल्या, "होतं कधीकधी. दुसरं काही कारण असेल. मालकांना नीट सांगितलं होतंस ना सगळं?"

"हो मॅडम."

डिसेंबरात पोस्टर लागलं. आठ जणांत पूनमचं सगळ्यांत चांगलं झालं. बाहेरून आलेले परीक्षक तिच्या आलेखापुढं बराच वेळ उभे राहिले. निळी रेघ खाली, पिवळी वर, मध्ये मोठं अंतर. "इतका स्पष्ट फरक पदवीच्या विद्यार्थ्यांच्या कामात क्वचितच दिसतो," ते म्हणाले. पुण्याला जाणाऱ्या तिघांत तिचं नाव पहिलं आलं. संस्कृतीचं तिसरं होतं. संस्कृतीनं तिला मिठी मारली, तेव्हा पूनमच्या लक्षात आलं, की आपल्याला तिच्याकडं बघता येत नाही. ती पिवळी रेघ वर जायला एकेक मेंढी आतून पांढरी पडत गेली होती. त्यांतली काजळी तर डोळ्यानं सांगत होती, आणि आपण ऐकलं नव्हतं.

तरी तेव्हाही ती बोलली नसती. बोलायला लागलं ते दुसऱ्या एका गोष्टीमुळं.

निवड झाल्याचं सांगायला ती नाताळच्या सुट्टीत वस्तीवर गेली. गोजाबाईनं तिच्या हातावर साखर ठेवली. काका मेंढ्या घेऊन निघाला होता. जाता जाता तो बायकोला म्हणाला, "कोकरं बी तळ्याकडं न्हेऊ नगंस. एक घालवलीस तेवढी बास झाली."

काका गेल्यावर पूनमनं विचारलं, "काय म्हनला गं काका?"

"काय न्हाय. काजळीचं." गोजाबाई चुलीपुढं बसली. "मीच तिला तळ्याकाठी न्हेत हुते गं. गवत कवळं हुतं, ती खाती म्हनून. डॉक्टर म्हनला, ओल्या गवतानं झालं. तीन म्हैने ह्यांचं रोज आयकते. खरंच हाय की, माजंच चुकलं. तू तर औषद पाजलं हुतंस."

पूनमच्या हातातली साखर तशीच राहिली.

त्या दिवशी ती न बोलता परतली. सोमवारी सकाळी ती हिरेमठ मॅडमच्या खोलीत गेली, वही टेबलावर ठेवली आणि सप्टेंबरचं पान उघडलं. "मॅडम, हा तीन नाही. चार होता. मला दिसला होता." मग पाण्याच्या बाटलीचं सांगितलं, आणि सहीचंही.

मॅडमनी चष्मा काढला.

"दहा राहाव्यात म्हणून?"

"हो."

"मी म्हटलं होतं ते." मॅडमचा आवाज कोरडा झाला होता. "ते मी तुझ्यासमोर म्हणायला नको होतं. आणि तुझ्या काकांना एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. तो मी केला नाही. ते माझं. पण चारचा तीन तू केलास. ते माझ्याकडं येत नाही, पूनम."

"माहीत आहे मॅडम."

"काका-काकूंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं आधी का आलीस?"

मॅडमपुढं बोलणं सोपं होतं, हे तिला तिथंच उभं असताना कळलं. त्याच दुपारी तिनं मंगळवेढ्याची एसटी धरली.

काका-काकू दोघं मेंढ्यांच्या वाड्याजवळ होती, कोकरांना पाला टाकत. पूनमनं उभ्या उभ्याच सांगितलं. बसली तर सांगता येणार नाही असं तिला वाटलं. निम्म्यांना पाणी पाजलं. काजळीला पाणी पाजलं. तिचा डोळा पांढरा झालेला मला दिसला होता. औषध माझ्या पिशवीत होतं.

काकानं हातातला पाला खाली टाकला. "मी इचारलं हुतं तुला," तो म्हणाला. "सगळ्यांना पाजनार का म्हनून इचारलं हुतं." एवढं बोलून तो माळाकडं चालायला लागला. मेंढ्यांशिवाय त्याला तसं जाताना पूनमनं कधी पाहिलं नव्हतं.

गोजाबाई तिथंच होती. एक कोकरू तिच्या पदराला ओढत होतं.

"तवा पाजलं असतंस, तर वाचली असती?"

"व्हय, काकी. बहुतेक वाचली असती."

"बहुतेक, का वाचलीच असती?"

पूनमनं मान खाली घातली. "वाचली असती."

गोजाबाईनं कोकराच्या तोंडातून पदर सोडवला. "मला सांगितलं असतंस तर मी न्हाय म्हनले नसते. म्हनले असते, ही एवढी सोड, बाकीच्यातली घे कुटली बी. शिकायसाटी लागत्यात तर घे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला वाटलं आमाला कळायचं न्हाय."

"तसं न्हाय काकी..."

"तसंच हाय. जा आता. गाडी जाईल तुजी."

शिष्यवृत्तीच्या समितीपुढं मॅडम आणि पूनम दोघींनी लेखी दिलं. पोस्टर मागं घेतलं गेलं. पुण्याची जागा गेली. ती चौथ्या क्रमांकाच्या मुलाला मिळाली. शिष्यवृत्ती काढून घेतली नाही, पण वर्षभराचं काम पुन्हा करायचं ठरलं. वसतिगृहात बातमी दोन दिवसांत पसरली. काहीजणी म्हणाल्या, एका मेंढीसाठी कशाला बोललीस, कुणाला कळलं असतं? संस्कृती असं म्हणाली नाही. पण तीही पूनमच्या शेजारी बसून नखं कुरतडत राहिली.

मे महिन्यात संस्कृती पुण्याला गेली. पूनम रिकाम्या प्रयोगशाळेत राहिली. पंखा गरम हवा फिरवायचा, आणि ती रसायनात टिकवलेल्या जुन्या नमुन्यांतली अंडी पुन्हा मोजायची, या वेळी मॅडम शेजारी बसून प्रत्येक आकडा तपासायच्या. वडील रविवारी फोन करायचे. वस्तीबद्दल ते स्वतःहून काही सांगायचे नाहीत, आणि विचारायचा धीर तिला व्हायचा नाही. तिच्या आईकडून एवढं कळलं, की काका आता बायकोला तळ्यावरून बोलत नाही. त्या बातमीनं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

जूनच्या शेवटी एका सकाळी काकाचा फोन आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"पलीकडच्या वस्तीवरच्या बसम्माची मेंढरं खंगाय लागल्यात," तो म्हणाला. "डॉक्टर चार दिस येनार न्हाय. तुला डोळ्याचं बघाय येतं न्हवं?"

"येतं काका."

"मग ये. खरं काय ते तिला सांग. काय असंल ते."

"येते. उद्याच येते." मग तिनं विचारलं, "काकी कुटं हाय?"



"हितंच हाय," काका म्हणाला. त्यानं फोन तिच्याकडं दिला नाही, आणि पूनमनंही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सहाच्या एसटीनं ती निघाली.